बंगलोरचे हवामान

शुक्रवारी दुपारी शेखर रायपुरातल्या गुढियारीच्या घरी पोहोचला तेव्हा त्याच्यापुढे एकच काम होते: सोमवारी परत जाताना वडिलांना बंगलोरला सोबत न्यायचे. तिकिटे त्याने दोघांचीही काढून ठेवली होती; श्यामरावांचा होकार तेवढा मिळायचा होता. आईला, इंदूबाईंना, जाऊन वर्ष उलटले, तेव्हापासून हा विषय फोनवर कितीदा तरी निघाला होता, आणि मागून येणाऱ्या मेलला वाट देण्यासाठी मालगाडी जशी बाजूच्या लाइनवर उभी करून ठेवतात, तसा श्यामरावांनी तो प्रत्येक वेळी बाजूला उभा करून ठेवला होता.

उपमा त्यांच्याच नोकरीतली आहे. श्यामराव मालगाडीचे गार्ड होते. इंजिनातल्या ड्रायव्हरला निदान एक सहायक सोबतीला असतो. गार्ड शेवटच्या डब्यात एकटा, आणि मध्ये कोळशाने भरलेल्या वाघिणींची लांबलचक रांग. म्हणून गाडी सुटताना ड्रायव्हर शिटी देतो, गार्ड हिरवी झेंडी दाखवतो, आणि 'ऑल राइट' असे एकमेकांना कळवून मगच दोघे मार्गस्थ होतात. निवृत्तीनंतर झेंडी गेली, सवय राहिली. घरातून कोणी बाहेर पडले की श्यामराव फाटकाशी येऊन उजवा हात वर करीत, आणि जाणाऱ्याने वळून हात वर केल्याखेरीज तो खाली घेत नसत. शेखर वळायला बहुधा विसरे. मग काही वेळाने तो हात आपसूकच खाली येई.

"तिथं माह्याशी बोलन कोन?" शुक्रवारी जेवताना त्यांनी विचारले.

"पापा, सब बात करेंगे। मैं हूँ, रुचिता है। सोसायटी में सीनियर सिटिज़न का पूरा ग्रुप है, रोज़ सुबह योगा करते हैं।"

"योगा करतात म्हनजे बोलत नसतीन."

शेखर हसला. वडील मराठीत बोलायचे आणि मुलाने हिंदीत उत्तर द्यायचे, ही त्या घराची जुनी रीत होती. तिच्यात अनादर नव्हता. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, पुढे बायको रुचिताही इंदूरची. मराठी शेखरला कळे सगळी, पण तोंडातून निघत नसे. इंदूबाई होत्या तोवर या रीतीत काही उणे आहे असे कोणालाच वाटले नाही, कारण श्यामरावांच्या मराठीला मराठीत उत्तर देणारे एक माणूस घरात होते.

"रविवारी सांगतो," श्यामराव म्हणाले. "घाई नोको करू."

रविवारपर्यंतचा कार्यक्रम निधीने आखला होता. निधी शेखरची कॉलेजातली मैत्रीण. चार माणसे एकत्र आणायची म्हटले की तिच्या अंगात लग्नघरातली मावशी संचारे. शनिवारी संध्याकाळी कॉमेडीचा शो, रविवारी दुपारचा सिनेमा, त्यानंतर तेलीबांध्याच्या तलावाकाठी जेवण. शोचे विशेष असे की मुंबईहून येणाऱ्या कलावंताच्या आधीची दहा-बारा मिनिटे सुशीलला मिळाली होती. सुशील विम्याच्या कार्यालयात नोकरी करी आणि सुटीच्या दिवशी कॅफेंमधून लोकांना हसवी. तो शेखरचा बालमित्र, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, घरचा मराठी. आणि या मित्रांत मराठी बोलणारा तो एकटाच. शेखर बंगलोरला गेल्यापासून श्यामरावांच्या औषधांपासून गॅसच्या नंबरापर्यंत सारे त्यानेच पाहिले होते. जाताना वळून हात वर करायला तो कधीही चुकला नव्हता.

शेखरने मनाशी हिशेब मांडला: वडिलांना घेऊन जावे. दोन दिवस हसतील, चार माणसांत बसतील, आणि हसलेला माणूस नकार देत नाही. सुशीलला मात्र आधी कळू द्यायचे नाही. मोठ्या शोच्या दिवशी काकांना समोर पाहून तो चकित झाला पाहिजे. म्हणून शनिवारी सकाळी सुशीलचा फोन आला आणि त्याने सहज विचारावे तसे विचारले, "काका तो नहीं आ रहे न?" तेव्हा शेखरने तत्परतेने सांगितले, "नहीं यार, घुटना पकड़ लिया है उनका।"

"अच्छा," सुशील म्हणाला. त्या 'अच्छा'त सुटकेचा निःश्वास होता, हे शेखरच्या ध्यानात आले ते फार उशिरा.

शो एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर होता. श्यामरावांनी इस्त्रीचा सदरा आणि त्यावर इंदूबाईंनी विणलेला तपकिरी स्वेटर घातला होता. जिना चढताना राकेशने त्यांना हात दिला. राकेश याच मित्रांतला; तो भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक लावण्याचे काम करी, आणि त्याचा आवाज सदैव ट्रकपलीकडच्या माणसाशी बोलावे असा चढलेला असे.

"हव काका, आराम से! सीट पकड़ के रखे हैं आपके लिए। एकदम साइड में, पैर लंबा कर लो।"

"पाय लांब करायले आलो का मी? हासायले आलो," श्यामराव म्हणाले, आणि निधी त्यावरच हसली. "अंकल तो खुद शो कर सकते हैं!"

दिवे मंद झाले. मंचावर विटांची खोटी भिंत, तिच्यापुढे एक उंच स्टूल आणि माइक. सुशील आला, टाळ्या पडल्या. प्रखर उजेडात तो डोळे बारीक करून पाहत होता. त्याला प्रेक्षक दिसत नव्हते.

सुरुवात त्याने विमा विकण्यापासून केली. "मेरा काम ऐसा है कि मैं शुभ मौके पर जाकर मरने की बात करता हूँ।" श्यामराव गुडघ्यावर थाप मारून हसले, आणि शेखरला आपला हिशेब बरोबर आल्यासारखे वाटले.

"हमारे मोहल्ले में एक काका हैं," सुशील पुढे म्हणाला. "रिटायर। मराठी आदमी। अब घर में उनसे मराठी बोलनेवाला कोई बचा नहीं। एक लड़का है। लेकिन लड़का... हिंदी में मराठी है।"

खोलीत जो पहिला हशा उठला तो शेखरचा होता. रायपुरातल्या त्याच्यासारख्या सगळ्या मुलांचे वर्णन सुशीलने तीन शब्दांत केले, असे त्याला वाटले.

"तो काका ने क्या किया? सेटिंग कर ली। मतलब फ़ोन की सेटिंग। भाषा, मराठी। अब फ़ोन में से एक बाई बोलती है।" सुशीलने खांदे पुढे घेतले, हनुवटी उचलली, मूठ कानाशी न नेता तोंडापुढे धरली, आणि आवाज बदलला. "'काय गं बाई, काय रांधलं आज?' बाई बोलती है, 'माफ करा, मी स्वयंपाक करत नाही. तुम्हाला पाककृती दाखवू का?' काका, 'दाखवू नोको वं. तू सांग फकत.' अब प्रॉब्लम ये है कि बाई पुणे की है और काका विदर्भ के। रिश्ता आता तो चाय पर ही टूट जाता।"

लोक हसत होते. निधी डोळे पुसत होती. शेखरही हसत होता. फक्त श्यामरावांचा गुडघ्यावरचा हात तसाच राहिला होता, थाप न मारता.

"एक दिन काका बाई को समझा रहे थे कि बीपी की गोली बदल गई है, नई वाली से चक्कर आता है। पूरी कहानी सुनाई। बाई बोली, 'मला समजलं नाही.' काका बोले, 'काई हरकत नाई. माह्या पोट्ट्याले बी नाई समजत.'"

राकेशने टेबलावर मूठ आपटली. "एक नंबर!"

"और दोपहर को सोने से पहले काका फ़ोन को खिड़की में खड़ा करते हैं, और ऐसे..." सुशीलने उजवा हात हळूहळू वर उचलला, तळवा समोर, बोटे जुळलेली, आणि तो तसाच धरून ठेवला. "'ऑल राइट?'"

थांबला. अगदी योग्य तेवढाच थांबला.

"'मला समजलं नाही.'"

हशाने खोली भरून गेली. शेखरच्या ओठांवरचे हसू ओसरायच्या आतच तो हात त्याने ओळखला. तो हात त्याने जन्मभर पाहिला होता. किंवा अधिक नेमके सांगायचे तर, पाठ फिरवून न पाहता सोडला होता. त्याने मान वळवली. श्यामराव मंचाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. वर्षानुवर्षे ज्याच्यावर विसंबून आपण झेंडी दाखवली त्या इंजिनात कोणीच नव्हते, असे कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

मध्यंतरात दिवे लागले. सुशील घामेजलेला, आनंदाने फुललेला, मित्रांच्या टेबलाकडे झेपावला आणि चार पावलांवर थबकला.

"काका..."

"चांगलं झालं," श्यामराव उठत म्हणाले. "लोक लई हासले."

"काका, तुमी... मले वाटलं तुमचा गुडघा..."

"माह्या गुडघ्याले काई नाई झालं." त्यांनी एकवार शेखरकडे पाहिले. "चाल. मले घरी सोड."

मुंबईच्या कलावंतासाठी ते थांबले नाहीत. खाली गाडी सुरू होताना सुशील धावत फूटपाथवर आला आणि त्याने उजवा हात वर केला. काच पूर्ण खाली होती. श्यामराव समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. चौकात वळेपर्यंत शेखरला आरशात तो हात वर उचललेलाच दिसत होता.

रविवारी सकाळी राकेशने पोहे-जलेबी धाडून दिली, तिला कोणी हात लावला नाही. श्यामरावांचा फोन खिडकीत पालथा पडला होता. शेखर म्हणाला, "पापा, आज का कैंसल कर देते हैं।"

"काहून? तिकिटं काढली नं? मंग जाऊ. कोनाच्या जीवाले घोर नोको."

ठरलेला आनंद पार पाडणे हेही एक कर्तव्य असते, आणि श्यामरावांनी आयुष्यात ठरलेली गाडी कधी रद्द केली नव्हती. सिनेमा विनोदी होता. अंधारात शेखर पडद्याकडे कमी आणि वडिलांकडे अधिक पाहत होता. सारे प्रेक्षक हसले की श्यामरावही हसत. क्षणभर मागाहून, शेजाऱ्यांकडे पाहून. निधीने पॉपकॉर्न पुढे केले, त्यांनी एक दाणा घेतला आणि तो मध्यंतरापर्यंत बोटांत धरून ठेवला.

तेलीबांध्याला पोहोचले तेव्हा तलावावर दिवेलागण होत होती. सुशील येणार नाही असे शेखर धरून चालला होता, तो आला. दाढी न केलेला, कालचाच शर्ट. टेबलाशी जागा करून देताना निधी भरभर बोलू लागली, "आओ आओ, हमने तो सूप मँगा भी लिया, अंकल, आप पनीर खाएँगे न, यहाँ का पनीर बहुत..." आणि मध्येच तिलाच आपला आवाज नको झाला.

सुशीलने खुर्ची श्यामरावांजवळ ओढली. "काका, मी काल..."

श्यामरावांनी रोटीची टोपली उचलून त्याच्यापुढे धरली.

"लीजिए सुशीलजी। आप भी लीजिए। गरम है।"

राकेशचा घास हातात राहिला. श्यामरावांना हिंदी उत्तम येत होती. बिलासपूर विभागात सारी नोकरी त्यांनी हिंदीतच केली होती. पण या पोराशी, ज्याला त्यांनी चड्डीत पाहिले होते, ज्याला ते 'पोट्ट्या'खेरीज दुसऱ्या नावाने हाक मारीत नसत, त्याच्याशी ते हिंदी बोलले, आणि तीही 'आप' आणि 'जी' लावून. शिवी दिली असती तर ती पोटात घालता आली असती. हा आदर पोटात घालण्यासारखा नव्हता. सुशीलने एक रोटी घेतली, ताटात ठेवली, आणि "फ़ोन आ रहा है" असे पुटपुटत बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

शेखर त्याच्या मागोमाग गेला. तलावाच्या कठड्याशी त्याने सुशीलचा दंड धरला.

"तूने मेरे बाप को बेच दिया, साले। तालियों के लिए।"

"नाम नहीं लिया मैंने।"

"हाथ तो लिया!"

सुशील पाण्याकडे वळला. मग तो मराठीत बोलू लागला. शेखरशी तो कधी मराठीत बोलत नसे.

"चूक झाली. मोठी झाली. पन एक सांगू? मले तिथून कोनी दिसत नव्हतं. पहिला हासला तो तूच. तुहं हासनं मी झोपीत बी ओळखीन. मले वाटलं, शेखर हासून राहिला, म्हनजे आपलं बरोबर चाललं. तुले राग आला असता तं मी तिथंच थांबलो असतो."

"मुझे पता नहीं था कि वो पापा हैं।"

"तेच म्हनून राहिलो मी. तुले मालूमच नव्हतं. शहरात मले एकट्यालेच मालूम होतं, आन् मी त्याचा जोक केला."

शेखरने दंड सोडला. आत काचेपलीकडे श्यामराव सूपचा चमचा वाटीत अलगद ठेवताना दिसत होते.

"सगळं नाई सांगितलं म्या स्टेजवर," सुशील म्हणाला. "एक गोष्ट ठेवली. लिहिली होती, मंग खोडली. तिच्यात हासन्यासारखं काई नव्हतं."

"क्या?"

"रोज सकाळी उठल्याबरोबर त्या बाईले काका पहिले काय इचारतात, मालूम आहे? 'बाई, बंगलोरले हवा कशी आहे आज?' ती सांगते, पाऊस आहे, थंडी आहे. मंग ते मले सांगतात. 'शेखर आज भिजन.' 'शेखरनं आज सेटर घातलं असन का?' तुले फोन नाई करत. तू हिंदीत 'हाँ पापा, ठीक है पापा' म्हनतो आन् ठेवून देतो. बाई निदान पूर्ण सांगते."

शेखरला जे सांगायचे होते त्यासाठी त्याच्याजवळ भाषा नव्हती.

घरी परतताना गाडीत तो मनातल्या मनात वाक्ये जुळवीत होता. लहानपणी ऐकलेले शब्द सापडत होते, पण एकमेकांना जोडले जात नव्हते. 'तुमी' सापडला की क्रियापद हरवे. त्याला म्हणायचे होते ते इतकेच: बाबा, नसेल यायचे तर येऊ नका. मी इथे येत जाईन. मला सकाळी फोन करा, हवा कशी आहे ते मी सांगीन. एवढे सांगायला हिंदी पुरेशी होती, हे त्याला कळत होते. पण ते हिंदीत सांगितले तर न सांगितल्यासारखेच होईल, हेही आता कळत होते.

घरात शिरताच श्यामरावांनी माळ्यावरून आपली जुनी रेल्वेची पेटी काढायला घेतली. पत्र्याची, काळी, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचे नाव आणि हुद्दा. शेखरने ती उतरवायला हात लावला आणि तिथेच, पेटी दोघांच्या हातांत असताना, तो म्हणाला,

"बाबा, तुमी... तुमाले नाई यायचं तं... मी, मले... तुमी नका... मतलब, मी इथं येऊन... येत..."

श्यामराव थांबले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मुलाच्या तोंडून मराठी येत होती, अडखळत, ठेचकाळत, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा; आणि शुक्रवारी ती आली असती तर त्यांनी पेटी तिथेच टाकून दिली असती, असे त्यांच्या डोळ्यांत क्षणभर दिसले. मग ते दिसेनासे झाले. त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली आणि झाकणावरची धूळ तळव्याने पुसली.

"हिंदी में बोलो बेटा," ते शांतपणे म्हणाले. "मैं समझ लेता हूँ।"

"बाबा..."

"चलेंगे। तुम्हारे साथ चलेंगे कल। यहाँ अब क्या काम है।"

ज्या होकारासाठी तो आला होता, तो हा होता. शेखर भिंतीशी उभा राहिला. श्यामरावांनी पेटी उघडली, तळाशी अंथरलेले जुने वर्तमानपत्र नीट केले, त्यावर दोन सदरे ठेवले, धोतर ठेवले, इंदूबाईंचा छोटा फोटो सदऱ्यांच्या मधोमध ठेवला. अंगातला तपकिरी स्वेटर काढून त्यांनी हातात धरला आणि तो पेटीत ठेवावा की बाहेर राहू द्यावा, याचा विचार करीत ते उभे राहिले. खिडकीतला फोन अजून पालथाच होता.

"बंगलोर में अभी ठंड है क्या?" त्यांनी विचारले.

शेखरने तोंड उघडले. त्याला ठाऊक नव्हते.